कंडेन्सर बदलताना : जुने रेडिओ, दुरुस्तीची दुकानं आणि हिंगोली परिसर

मंडळी, आजचा विषय कळल्यावर काही जणांनी विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचं कंडेन्सरपाशी काय काम? प्रश्न रास्त आहे. इतिहास म्हटला की आपण राजे, लढाया, तह यांच्याकडे वळतो. अलीकडे यंत्रांचा इतिहासही लिहिला जातो, म्हणजे कोणी शोधलं, कुठे बनलं, किती विकलं गेलं. पण घरातलं यंत्र बिघडलं तेव्हा लोकांनी काय केलं, कोणता भाग कशाच्या जागी घातला, आणि तो का चालला किंवा का चालला नाही, हे लिहून ठेवण्याची आपल्याकडे पद्धत नाही. यंत्राचं आयुष्य मात्र बहुतेक तिथेच गेलेलं असतं. कारखान्यात ते काही दिवस असतं आणि दुरुस्त होत होत तीस-चाळीस वर्षं काढतं.

सुरुवात सगळ्यांच्या ओळखीच्या वस्तूपासून करू. छताचा पंखा हळू फिरायला लागला, की आपण इलेक्ट्रिशियनला बोलावतो. तो न बघताच म्हणतो, ‘कंडेन्सर गेला.’ आणि बहुधा त्याचं बरोबर असतं. तो अडीच मायक्रोफॅरडची काळी-पांढरी डबी काढतो, दुसरी लावतो, पंखा पळायला लागतो. आता या डबीत काय झालं होतं? आत प्लॅस्टिकच्या पातळ फितीवर धातूचा अतिपातळ मुलामा असतो. विजेचा एखादा झटका आला, की फितीला सुईच्या टोकाएवढं भोक पडतं आणि भोकाभोवतीचा मुलामा तत्क्षणी उडून जातो, त्यामुळे शॉर्ट होत नाही. म्हणजे तो स्वतःला बरं करतो, पण दर वेळी थोडा थोडा खर्ची पडून. अडीचचा दोन होतो, दोनाचा दीड होतो आणि पंखा मंदावत जातो. बिघाड एका दिवसात होत नाही, आपल्या लक्षात तो एका दिवशी येतो इतकंच. आणि काही जण पंखा जास्त जोरात फिरावा म्हणून अडीचच्या जागी चारचा लावतात, तेव्हा वाइंडिंग तापतं आणि पंखाच जातो. ‘मोठा म्हणजे चांगला’ हा तर्क इथे लागू नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

शब्दाचीही गंमत आहे. पुस्तकात ‘धारित्र’, कॉलेजात ‘कपॅसिटर’ आणि दुकानात ‘कंडेन्सर’. यातला दुकानातला शब्द सगळ्यांत जुना आहे. व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने १७८२ साली वीज ‘दाटवून’ ठेवणारं साधन या अर्थाने तो वापरला. इंग्रजीत पुढे तो मागे पडला आणि कपॅसिटर आला. आपल्या मोंढ्यातल्या आणि स्टँडसमोरच्या दुकानांतून मात्र व्होल्टाचा शब्द अजून रोज बोलला जातो. त्याला कोणी अशुद्ध म्हणू नये.

त्याच्याही आधी बाटली होती. १७४५ साली पोमेरेनियात फॉन क्लाइस्ट आणि लगेच १७४६ साली हॉलंडातल्या लायडेनमध्ये मुशेनब्रुक, या दोघांना काचेच्या बाटलीत वीज साठते असं दिसलं. दिसलं म्हणजे जबर धक्का बसला. दोन वाहक आणि मध्ये एक न वाहणारा पदार्थ, एवढीच ती रचना आणि आजही तेवढीच आहे. पुढचा सगळा इतिहास हा त्या मधल्या पदार्थाचा इतिहास आहे. आधी काच, मग मेणात बुडवलेला कागद, मग अभ्रक, मग सिरॅमिक, मग पॉलिस्टर आणि पॉलिप्रॉपिलीन. कार्ल पोलाक नावाच्या पोलिश अभियंत्याने १८९६ साली आणखी वेगळी वाट काढली. ॲल्युमिनियमवर विजेने जो ऑक्साइडचा पातळ थर चढतो, तोच मधला पदार्थ म्हणून वापरायचा. थर इतका पातळ, की लहान डबीत प्रचंड धारिता मावते. हा आपला इलेक्ट्रोलिटिक, दुकानातल्या भाषेत ‘फिल्टर कंडेन्सर’. किंमत एकच मोजावी लागते. तो थर टिकवायला आत ओलावा लागतो, आणि ओलावा म्हटला की वाळणं आलं.

आता आपल्या भागात येऊ. हिंगोली जिल्हा म्हणून १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. त्याआधी तो परभणीत आणि १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात. म्हणून इथल्या रेडिओचा इतिहास मुंबई-पुण्याच्या इतिहासापेक्षा वेगळा आहे. हैदराबादेत आधी खासगी प्रक्षेपण केंद्र होतं. १९३५मध्ये सरकारने ते ताब्यात घेतलं आणि डेक्कन रेडिओ उभा राहिला. पुढे औरंगाबादलाही केंद्र झालं. १७ सप्टेंबर १९४८ला निजामाने शस्त्रसंधीची घोषणा केली ती रेडिओवरून. मराठवाड्यात तो दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतो आपण, पण ती बातमी ज्या संचांवर ऐकली गेली ते संच किती थोड्या घरांत होते, आणि ते चालत कशावर होते, याचा विचार करत नाही. १ एप्रिल १९५०ला हैदराबाद आणि औरंगाबाद ही दोन्ही केंद्रं आकाशवाणीकडे आली. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने ग्रामीण रेडिओ-मंडळांचा जो गाजलेला प्रयोग झाला, तो पुण्याकडच्या पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत. त्या वसंतात आपण अजून हैदराबाद राज्यात होतो. नोव्हेंबरात मुंबई राज्यात गेलो. तोवर प्रयोग संपला होता.

वीज? राज्य वीज मंडळ स्थापन झालं जून १९६०मध्ये आणि इथल्या बहुतेक खेड्यांत तारा पोचल्या त्यानंतर. म्हणजे व्हॉल्व्हचा रेडिओ खेड्यात आला तो आधी बॅटरीवर. दीड व्होल्टचा एक सेल व्हॉल्व्हची तार तापवायला आणि नव्वद व्होल्टची मोठी बॅटरी वेगळी. ही बॅटरी म्हातारी झाली, की तिचा अंतर्गत रोध वाढतो. मग आवाजाच्या तालावर पुरवठा हेलकावे खातो आणि स्पीकरमधून फटफटी चालल्यासारखा आवाज येतो. बॅटरीला समांतर लावलेला कंडेन्सर ठणठणीत असेल, तर हेलकावा तो झेलतो. म्हणून खेड्यातल्या दुरुस्तीवाल्याचं पहिलं शहाणपण हे होतं, की गिऱ्हाइकाला महागडी बॅटरी घ्यायला लावण्याआधी तो कंडेन्सर बदलून बघायचा. ट्रान्झिस्टर आल्यावरही हेच चालू राहिलं. नव्वद व्होल्टच्या जागी सहा किंवा नऊ व्होल्ट आले, पण फटफटी तीच.

रेडिओला पोस्टातून परवाना काढावा लागे, ते ज्येष्ठांना आठवत असेल. वर्षाला पैसे भरायचे आणि पासबुकासारख्या पुस्तिकेवर शिक्के मारून घ्यायचे. १९८०च्या दशकात ते संपलं. परवाना भरलेला रेडिओ बंद पडून राहणं घराला परवडत नसे. दुरुस्ती ही हौस नव्हती, घरखर्चातली बाब होती.

लोक काय ऐकत होते, याचाही कंडेन्सरशी संबंध आहे. १९५२नंतर नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. केसकर मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा कैवारी, हेतू चांगला होता. श्रोते मात्र रेडिओ सिलोनकडे गेले, बिनाका गीतमालेकडे गेले. १९५७ साली ३ ऑक्टोबरला विविध भारती सुरू करावी लागली, त्यामागे हेही एक कारण. आता सिलोन यायचं शॉर्टवेव्हवर. शॉर्टवेव्हला रेडिओच्या ऑसिलेटरमध्ये काही पिकोफॅरडचा फरक पडला, तरी स्टेशन जागेवरून सरकतं. तिथला कंडेन्सर अभ्रकाचा किंवा तापमानाने न बदलणाऱ्या सिरॅमिकचा असतो. त्या जागी कोणी हाताला लागेल तो सिरॅमिक लावला, तर अंकावर छापलेली किंमत तीच असूनही रेडिओ तापला की सिलोन निसटतं. गिऱ्हाईक म्हणतं, ‘संध्याकाळी लागतं, अर्ध्या तासाने जातं.’ केंद्राला दोष दिला जातो, हवेला दिला जातो. दोष असतो एका मसुराएवढ्या तुकड्याचा.

इथून आपण मुख्य मुद्द्यावर येतो. जुन्या यंत्रात बदली कंडेन्सर निवडायचा म्हणजे काय करायचं? आमचं म्हणणं असं, की तुकड्यावर छापलेला आकडा जुळवणं म्हणजे निवड नव्हे. निवड म्हणजे त्या जागेचं काम ओळखणं. आमच्या न्यायशास्त्रात वाक्याचा अर्थ लागायला काही अटी सांगतात, त्यातली एक ‘योग्यता’. ‘आगीने शेत शिंपतो’ हे वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, पण आगीत शिंपण्याची योग्यता नाही, म्हणून अर्थ लागत नाही. कंडेन्सरचं तसंच आहे. आकडा व्याकरण पाळतो, योग्यता वेगळी तपासावी लागते. (न्यायवाले या उपमेवर रागावणार नाहीत अशी आशा. घट-पट पुष्कळ झाले, एखादा रेडिओ चालेल.)

व्हॉल्व्ह रेडिओतल्या तीनच जागा घेऊ. बाकीच्या पुष्कळ आहेत, त्या सोडून देऊ.

पहिली जागा, फिल्टर. विजेतला घूं आवाज, ज्याला दुकानात ‘हमिंग’ म्हणतात, तो इथे गिळला जातो. जुन्या डब्यांवर ८, १६, ३२, ५० असे आकडे दिसतील. आज बाजारात १०, २२, ३३, ४७ मिळतात. नवा माणूस गोंधळतो, की सोळाचा मिळतच नाही. तर बावीसचा घाला, काही बिघडत नाही. मूळ डब्यातच उणे वीस ते अधिक पन्नास टक्के फरक चालवून घेतलेला असे. पण याला वरची मर्यादा आहे, आणि ती डब्यावर लिहिलेली नसते. ती व्हॉल्व्हच्या कागदावर असते. ईझेड ८० हा आपल्याकडे खूप चाललेला रेक्टिफायर व्हॉल्व्ह. त्याच्या लगेच पुढे पन्नास मायक्रोफॅरडपेक्षा जास्त लावू नये, असं बनवणाऱ्यांनीच सांगितलं आहे. कारण रिकामा कंडेन्सर भरताना जो लोंढा ओढतो, तो त्या व्हॉल्व्हच्या कॅथोडला द्यावा लागतो. हमिंग अजिबात नको म्हणून कोणी शंभरचा लावतो. हमिंग जातं, वर्षभरात व्हॉल्व्हही जातो. पंख्याची गोष्ट आठवली ना?

व्होल्टेजचंही असंच. ट्रान्सफॉर्मरवर २५० व्होल्ट लिहिलंय, म्हणून ३५० व्होल्टचा कंडेन्सर पुरेल असं वाटतं. पण २५० ही एसीची सरासरी धाटणीची मोजणी, तिचं शिखर ३५३वर जातं. त्यात आपल्याकडे रात्री लोड उतरला की २३०ची लाइन २५०ला जाते, हे इथे कोणाला सांगायला नको. व्हॉल्व्ह काढून कोणी डायोड बसवला असेल, तर आणखी वाईट. डायोड तत्क्षणी वीज देतो, बाकीचे व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट घेतात, आणि तेवढा वेळ कंडेन्सरवर पूर्ण शिखर बसून राहतं. म्हणून तिथे ४५०चा. इथे ‘मोठा’ घेणं योग्य आहे. धारितेत मोठा आणि व्होल्टेजमध्ये मोठा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उष्णता तिसरी. डब्यावर ८५ किंवा १०५ अंश लिहिलेलं असतं. ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. १०५ अंशांना दोन हजार तास टिकणारा डबा ६५ अंशांना बत्तीस हजार तास टिकावा. तोच ८५वाला घेतला, तर ६५ला आठ हजार तास. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतला पारा बेचाळीसवर जातो, व्हॉल्व्हच्या पेटीत आणखी वीस-पंचवीस अंश धरा. पुस्तकातला हिशेब युरोपातल्या दिवाणखान्यासाठी केलेला असतो. हिंगोलीत तो हिशेब पुन्हा मांडावा लागतो. किमतीतला फरक चहाच्या कपाएवढाही नसतो.

दुसरी जागा अधिक कपटी आहे. एका व्हॉल्व्हचा आवाज पुढच्या व्हॉल्व्हला देणारा, पण मधलं डीसी अडवणारा छोटा कंडेन्सर, ०.०१ किंवा ०.०२ मायक्रोफॅरडचा. जुन्यांत तो मेण लावलेल्या कागदाचा असे. उन्हाळ्यात मेण पाघळतं, पावसाळ्यात कागद ओल धरतो. मग तो थोडा थोडा गळायला लागतो. किती थोडा? पाच मायक्रोॲम्पिअर. शंभर व्होल्टला पाच मायक्रोॲम्पिअर म्हणजे वीस मेगओहम. दुकानातला साधा मीटर त्याला ‘ओके’ म्हणतो, काटा हलतच नाही. पण ती गळती पुढच्या व्हॉल्व्हच्या ४७० किलोओहममधून गेली, की तिथे अडीच व्होल्टच्या आसपास भर पडते. ईएल ८४सारख्या व्हॉल्व्हचा बायसच मुळात सव्वासात व्होल्ट, म्हणजे एक तृतीयांश खाल्ला गेला. व्हॉल्व्ह लाल होईस्तोवर तापतो, आवाज घोगरा होतो, आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. लोक व्हॉल्व्ह बदलतात, ट्रान्सफॉर्मर बदलतात, आणि दोन महिन्यांनी पुन्हा तेच. मूळ चोर आत बसलेला असतो. तपासायची रीत सोपी आहे, पण ती माहीत असावी लागते. ग्रिडकडचं टोक सोडवायचं, रेडिओ चालू ठेवायचा, आणि मीटर त्या सुट्या टोकाला लावून डीसी येतंय का बघायचं. यायला नको. आलं की बदला. आता तिथे ६३० व्होल्टचा पॉलिस्टर घालावा. मेणकागदाचा नवा मिळत नाही, आणि मिळाला तरी घेऊ नये.

याच्या उलट, जुनं म्हणून सरसकट सगळं उपटणारेही आहेत. अभ्रकाचे तुकडे बहुधा साठ वर्षांनीही ठीक निघतात. फिलिप्सच्या संचांतून मोहरीच्या रंगाचे जे पॉलिस्टर कंडेन्सर येत, ते आजच्या पुष्कळ नव्यांपेक्षा बरे आहेत. त्यांना हात लावू नये. दुरुस्ती म्हणजे काय काढायचं एवढंच नव्हे, काय ठेवायचं हेही.

तिसरी जागा जिवाशी आहे, म्हणून तिच्यावर थांबू. स्वस्त व्हॉल्व्ह संचांत ट्रान्सफॉर्मर नसे. त्यांना एसी-डीसी सेट म्हणत. त्यात विजेची एक तार थेट लोखंडी चॅसिसला जोडलेली असते. प्लग उलटा घुसला, की चॅसिस म्हणजे फेज. बाहेरून लाकूड आणि बॅकेलाइट, म्हणून हाताला लागत नाही. पण एरियल आणि अर्थची भोकं बाहेर असतात, आणि आपल्याकडे एरियल म्हणून तांब्याची तार घराच्या आढ्यावरून किंवा अंगणातून ओढलेली. पत्र्याला टेकलेली, कपडे वाळत घातलेली. त्या तारेत आणि फेजमध्ये एकच छोटा कंडेन्सर उभा असतो. मेणकागदाचा, सत्तर वर्षांचा. तो शॉर्ट झाला तर रेडिओ छान चालू राहतो. गिऱ्हाईक तक्रार करत नाही, कारण बिघाड ऐकूच येत नाही. म्हणून इथे आवाजावरून निदान करायचंच नसतं. सेट उघडला, की हा आधी बदलायचा. आणि बदली म्हणजे कोणताही ‘६३० व्होल्ट’ नव्हे. आता ‘वाय’ वर्गाचे सुरक्षा-कंडेन्सर मिळतात, जे बिघडले तर शॉर्ट न होता तुटावेत अशाच बेताने बनवलेले आणि तपासलेले असतात. विजेच्या दोन तारांमध्ये आडवा लागतो तो ‘एक्स’ वर्गाचा. ही दोन अक्षरं आज शिकवताना सुद्धा कोपऱ्यात टाकली जातात, याचं आम्हांला वाईट वाटतं.

आता इतिहासाकडे परत. हे सगळं आपण आज शांतपणे सांगतो आहोत, कारण आज निवड आहे. साठ-सत्तरच्या दशकात नव्हती. सुटे भाग आयातीच्या परवान्यात अडकलेले. मर्फीचा कारखाना ठाण्याला होता, संच मिळत. तालुक्याच्या गावी त्यातला भाग मिळणं ही वेगळी गोष्ट. आपल्या भागातला दुरुस्तीवाला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपेक्षा हैदराबादच्या कोठीतल्या गुजराती गल्लीकडे बघे. रेल्वे तिकडे जात होती, बोली तिकडची कळत होती. तिथून जे आणलं त्यावर सहा महिने काढायचे. मग ३२चा नसेल तर दोन सोळाचे समांतर जोडायचे. व्होल्टेज पुरत नसेल तर दोन एकापुढे एक जोडायचे आणि दोघांवर वाटणी सारखी व्हावी म्हणून प्रत्येकाला एक-एक रोध बांधायचा. मेलेल्या संचातले काढलेले डबे शंभर वॅटच्या बल्बच्या सिरीजमध्ये हळूहळू चार्ज करून पुन्हा जागे करायचे. पोलाकचा तो ऑक्साइडचा थर पडून राहिल्यावर विरतो, आणि बेताने वीज दिली तर पुन्हा चढतो, हे तत्त्व त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. ‘एकदम देऊ नका, उपाशी माणसाला जेवण घातल्यासारखं द्या,’ अशी त्यांची भाषा असे. रसायनशास्त्राने यात दुरुस्ती करावी असं फारसं काही नाही.

पुढे देशात भाग बनू लागले. १९७०च्या दशकात केरळात केल्ट्रॉन, आपल्या नाशकात ॲल्कॉन. सत्तरनंतरची दुकानं त्यामुळे बदलली. टीव्ही आला. औरंगाबादजवळ चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना निघाला आणि मराठवाडा स्वतःच टीव्ही बनवायला लागला. रंगीत टीव्हीतल्या एसएमपीएसने कंडेन्सरचं आणखी एक अंग पुढे आणलं, त्याचा अंतर्गत रोध. धारिता मोजली तर बरोबर भरते, तरी टीव्ही सुरू होत नाही, कारण आतला द्रव वाळून रोध वाढलेला. जुना मीटर घेऊन बसलेली पिढी इथे पहिल्यांदा अडली. २०००च्या आसपास जगभर कॉम्प्युटरच्या बोर्डांवरचे डबे फुगून फुटायला लागले, त्यात द्रवाची कृतीच सदोष होती. नव्या, नावाजलेल्या यंत्रांतले डबे दोन वर्षांत मेले आणि कोपऱ्यातल्या रेडिओतले चाळीस वर्षं तगून होते.

आता परिस्थिती उलटी झाली आहे. तेव्हा भाग नव्हता पण असेल तो खरा असे. आता भाग घरपोच येतो, खरा आहे का ते कळत नाही. मोठ्या डब्यात लहान डबा घालून वर मोठा आकडा छापलेला, हेही बाजारात आहे. हातात घेतल्यावर वजन हलकं लागलं, तर शंका घ्यावी.

शेतातलं एक उदाहरण घेतल्याशिवाय हिंगोलीतलं भाषण पुरं होणार नाही. आपल्याकडे आज सर्वांत जास्त कंडेन्सर विहिरी-बोअरवर आहेत. महावितरण सांगते, कृषिपंपाला कपॅसिटर बसवा. पाच एचपीला साधारण दोन केव्हीएआरचा. त्याने लाइनवरचा फुकाचा भार उतरतो, रोहित्र कमी तापतं, व्होल्टेज सुधारतं. एकट्याने बसवला तर फरक जेमतेम, सगळ्या डीपीवाल्यांनी बसवला तर सगळ्यांना. आणि म्हणूनच कोणी बसवत नाही. नीतिशास्त्राच्या तासाला आम्ही याहून चांगलं उदाहरण दिलं नसतं. सिंगल फेजच्या पाणबुडी मोटरीच्या पेटीत दोन कंडेन्सर असतात, एक सुरू करायचा आणि एक चालवायचा. सुरू करायचा दोन-चार सेकंदांपुरता असतो. हळदीला पाणी चाललंय, चालवायचा गेला, वसमतला जायला वेळ नाही, म्हणून कोणी सुरू करायचाच त्या जागी जोडतो. थोड्या वेळात तो फुटतो, आणि पेटी उघडी ठेवून समोर उभा असलेला माणूस भाजतो. दोन्हींना कंडेन्सरच म्हणतात. योग्यता वेगळी.

एक तात्त्विक प्रश्न उरतो, तो टाळता येणार नाही. सगळे कंडेन्सर बदलले, व्हॉल्व्ह बदलले, दोरी बदलली, तर रेडिओ तोच राहिला का? ग्रीकांनी हा प्रश्न थीसिअसच्या जहाजाबद्दल विचारला. आपल्याकडे मिलिंदपञ्हमध्ये नागसेन राजा मिलिंदाला रथाबद्दल विचारतो, की चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का. मराठवाड्याला हे नाव परकं नाही. बाबासाहेबांनी औरंगाबादला १९५० साली मिलिंद महाविद्यालय काढलं, त्याच्या परिसराला आपण नागसेनवनच म्हणतो. नागसेनाचं उत्तर असं, की रथ हे भागांच्या जुळणीला दिलेलं व्यवहारातलं नाव आहे, आत दडलेली कुठली वेगळी वस्तू नाही. हे मान्य केलं, तर रेडिओ तोच आहे की नाही हा वाद सुटतो. सिलोन लागत होतं, आता विविध भारती लागते, व्यवहार चालू आहे.

पण इतिहासकाराचा प्रश्न सुटत नाही. त्याला तो जुना मेणकागदाचा तुकडाही हवा असतो. त्यावर कारखान्याचं नाव आहे, कधी बनावटीचं साल आहे. साठ साली हैदराबादहून आणून घातलेला, वेगळ्या सोल्डरने जोडलेला दुसरा तुकडा आहे. हा त्या दुकानाचा, त्या टंचाईचा एकमेव लेखी पुरावा, कारण त्या माणसाने वही ठेवली नाही. आपण दुरुस्त करतो तेव्हा तो पुरावा पुसतो. दुरुस्त केलं नाही, तर रेडिओ मुका राहतो किंवा कोणाला तरी झटका बसतो. परदेशात काही हौशी लोक जुन्या कंडेन्सरची नळी पोकळ करून नवा आत लपवतात. वस्तुसंग्रहालयासाठी ठीक आहे. घरच्या रेडिओसाठी आम्हांला ते पटत नाही. पुढच्या दुरुस्तीवाल्याची त्यात फसवणूक होते, त्याला वाटतं जुनाच आहे. उघड दिसणारी नवी दुरुस्ती प्रामाणिक. काढलेले तुकडे मात्र पिशवीत घालून, कोणता कुठून काढला ते चिठ्ठीवर लिहून, त्याच पेटीत ठेवावेत. फिल्टरचा मोठा डबा दिसायला चॅसिसवर राहू द्या, पण त्याची जोडणी तोडा. मेलेल्याला समांतर नवा जोडणं हा दुकानातला शॉर्टकट होता, तो आज करू नये. जुना शॉर्ट झाला की नव्यालाही घेऊन जातो.

श्रोत्यांतून दोन प्रश्न आलेत, ते घेऊन थांबू.

पहिला, बंद सेट उघडताना धक्का बसतो का? बसतो. पन्नास मायक्रोफॅरड, साडेतीनशे व्होल्ट, म्हणजे तीन जूल. जुन्या टीव्हीच्या एसएमपीएसमध्ये अकरा जूलपर्यंत जातं. प्लग काढल्यावरही ते तिथेच असतं. मुशेनब्रुकची बाटलीच ती. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी काढू नका. काही किलोओहमचा पाच वॅटचा रोध इन्सुलेटेड तारेने लावा, दहा सेकंद धरा, मग मीटरने बघा.

दुसरा, औंढ्याचा. विचारताहेत, की घरातला जुन्या ट्यूबलाइटच्या पट्टीतला पत्र्याचा डबा तेल गळतोय, तो फोडून बघू का? नाही. १९८०च्या आधीच्या तेलकट कंडेन्सरांत पीसीबी नावाची रसायनं असू शकतात, ती शरीरातून लवकर जात नाहीत. जगभर त्यांच्यावर बंदी आहे. हातमोजे घालून जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधा, मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा, भंगारवाल्याला देऊ नका आणि शेकोटीत तर अजिबात टाकू नका. तो ई-कचऱ्यात, घातक म्हणून सांगूनच द्यायचा.